वाशीममधलं पहिलं इम्प्लांट

चिमट्यात धरलं तसं पातं हललं आणि हिरडीतून पू आला. शेषराव खुर्चीत शांत बसले होते. घाम मला फुटला होता. दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हातांनी बसवलेलं ते इम्प्लांट होतं, वाशीममधलं पहिलं.

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात धातूचा आधार बसवून त्यावर दात लावायचा. हल्ली तो स्क्रूसारखा असतो. सत्तरच्या दशकात आम्ही चपटं पातं वापरायचो, हाडात खाच पाडून ठोकायचं. जखम नीट भरेपर्यंत त्यावर जोर पडू द्यायचा नाही. जोर पडला की पातं हलतं, जंतू शिरतात आणि भोवतालचं हाड झडतं.

शेषराव जवळच्या रिठद गावचे. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे तेच. एसटीतून उतरताना पडले आणि वरचे समोरचे दोन दात गेले. मी काढता-घालता येणारी कवळी करून दिली, पण क्लॅरिनेटचं टोक नेमकं त्याच दातांखाली धरावं लागतं.

"फुक मारली का निसटते जी," ते म्हणाले. "मले पक्के दात पायजेत."

ब्रिज करता आला असता. शेजारचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले बसवायचे. साधं, खात्रीचं काम. पण मी नुकताच मुंबईहून पातं बसवायला शिकून आलो होतो, हात शिवशिवत होते. ब्रिजचं नावसुद्धा काढलं नाही. कसला डॉक्टर मी!

तपासणी मात्र अगदी पुस्तकातली केली. एक्स-रे काढला, साखर पाहिली, तंबाखूचं विचारलं. सगळं ठीक. निघताना बजावलं, "तीन महिने कडक काही खायचं नाही. भाकरसुद्धा वरणात भिजवून."

आणि आता हे.

"काय खाल्लंत?" माझा आवाज चढलाच.

"काईच नाई सायेब. रोज वरनात भाकर चुरून खाल्ली."

"मग?"

"मंग काय? आठ रोजानं वाजवाले लागलो."

"अहो, वाजवायला कुणी सांगितलं?"

"तुमी खायाचं नाई म्हनलं होतं. वाजवाचं नाई, असं नव्हतं म्हनलं." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "वाजवाचं नाई तं मंग दात कायले बसवले जी?"

पातं काढलं. हाडात खड्डा पडला होता. शेजारचे दातही हलू लागले होते, पुढे तेही काढावे लागले. आता ब्रिजलाही आधार उरला नाही. एक्स-रे घेऊन मी नागपूरला माझ्या सरांकडे गेलो.

"ब्रिज का नाही केला?"

मी एक्स-रे परत पाकिटात सरकवू लागलो.

"इम्प्लांट कुणाला हवं होतं? त्याला की तुला?"

पुढच्या जयंतीला शेषराव मिरवणुकीत होते. शेवटच्या रांगेत, हातात खुळखुळा. पुढे क्लॅरिनेट दुसराच कुणी वाजवत होता. मला पाहून त्यांनी खुळखुळा बगलेत धरला आणि हात जोडले. "जय भीम, डाक्टर सायेब." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कुणी इम्प्लांट मागितलं की हाड आणि साखर मी नंतर बघतो. आधी विचारतो, या दातांनी तुम्ही करणार काय? शेषरावांना हे विचारायची गरजच नव्हती. मला ते माहीत होतं.