जेवण झाल्यावर

आमच्या क्लासमधला पहिला धडा कॉफीचा होता. टेबलाशी बसायचं, वेटरला हाक मारायची, एक कॉफी द्या म्हणायचं आणि शेवटी बिल मागायचं. माझ्या एका बाजूला हॉटेलचा कोर्स करणारी दोन पोरं होती, दुसऱ्या बाजूला परदेशी निघालेली एक नर्स. सगळे आळीपाळीने फ्रेंचमध्ये कॉफी मागवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी शिकवणाऱ्या मुलीला सरळ सांगितलं, "मॅडम, मला कॉफी नको. 'शी लागली का' हे फ्रेंचमध्ये कसं विचारतात, तेवढं सांगा."

पोरं फिदीफिदी हसली. मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. तिने हसू दाबलं आणि विचारलं, "काकू, किती वर्षांचं आहे बाळ?"

"चार वर्षांची नात आहे," मी म्हटलं.

माझी लेक फ्रान्समध्ये असते. जावई तिकडचाच. दर रविवारी फोनवर दर्शन व्हायचं. नात बाहुली दाखवायची, काहीबाही सांगत सुटायची, आणि मग लेक मला त्याचं मराठी करून द्यायची. तोवर नात पळून गेलेली असायची. मधे दुभाषी बसवून नातीचे लाड होत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते. पोरीला मराठी का नाही शिकवलंस म्हणून लेकीशी माझं एकदा कडाक्याचं भांडणही झालं. ती म्हणाली, सकाळी सातला घर सोडते आणि संध्याकाळी सातला येते, कधी शिकवू? ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

मग जूनमध्ये तिचा फोन आला. डिसेंबरात तिघं येणार, तीन आठवडे राहणार. मधे पुण्यात तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं, एका रात्रीचा मुक्काम. मी म्हटलं, पोरीला कशाला फरफटवता, माझ्याजवळ ठेवा. लेक म्हणाली, "आई, ती तुझ्याजवळ कशी राहील? तिला काही झालं तर ती तुला सांगणार कशी?"

ती हे प्रेमानेच म्हणाली, म्हणून जास्त लागलं. अख्खी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर काढली. कोळीवाड्यातल्या आया भोकाड पसरलेली पोरं माझ्या हातात सोडून जेट्टीवर पळायच्या आणि दुपारपर्यंत ती पोरं मला चिकटलेली असायची. आणि माझी स्वतःची नात माझ्याकडे एक रात्र राहू शकत नाही? राग माझ्या नाकावरच असतो. दुसऱ्या दिवशी थळहून सहा आसनी रिक्षा धरली आणि अलिबागचा क्लास गाठला. नात एक रात्र माझ्याजवळ राहिली पाहिजे, एवढं एकच डोक्यात होतं.

मॅडम गुणाची. क्लास सुटल्यावर ती मला थांबवून घ्यायची. "काकू, व्याकरण राहू दे, तुम्हाला लागतील तीच वाक्यं घेऊ," म्हणाली. भूक लागली का. कुठे दुखतं. शी, शू, पाणी. घाबरू नको. आज, उद्या, झोपल्यावर, जेवल्यावर. उच्चार सर्दी झाल्यासारखे करायचे, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. आणि मॅडमची सक्त ताकीद होती की शिकलेलं घरात रोज वापरायचं, नाहीतर जीभ वळणार नाही.

घरात वापरायचं कोणावर? आमचे हे खताच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुळातच मितभाषी. मी सकाळी फ्रेंचमध्ये विचारायची, भूक लागली का? हे म्हणायचे, "हाय." झोप आली का? "हाय." एकदा विचारलं, कुठे दुखतं? तेव्हाही पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "हाय." मी कपाळावर हात मारून घेतला आणि दारावर येणाऱ्या मासळीवालीकडे वळले. तिला मी अदबीने फ्रेंचमध्ये नमस्कार केला. तिने पाटी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, बरं हाय ना तुमाला?" विहारातल्या बायकांनीही मला सोडलं नाही. या वयात आता विमानात नोकरी धरताय का, म्हणून विचारायच्या. विचारू दे. मी खुशीत होते. कित्येक वर्षांनी मी बाकावर बसत होते आणि चुकलं तर चुकलं म्हणत होते.

डिसेंबरात गाडी अंगणात लागली तेव्हा नात बापाच्या पायामागे लपली. मी उकिडवी बसले आणि म्हटलं, "तु आ फँ?" म्हणजे, भूक लागली का. पोरीने आ वासला. शेळीच बोलायला लागल्यासारखं तिने माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. मग जी सुटली ती थांबेचना. माझ्या डोक्यावरून सगळं गेलं, फक्त 'पाँ' तेवढं कळलं. पाँ म्हणजे तिकडचा पाव. सायकलवरच्या पाववाल्याकडून सकाळीच घेतलेले पाव घरात होते. तिने दुधात बुडवून दोन खाल्ले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे कधी शिकलीस गं?" म्हणाली. लग्नाला दोघंच जायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. घाण केली ती मी.

लग्नाला निघायच्या दिवशी लेक म्हणाली, "आम्ही तिला सांगून निघतो. रडेल थोडी, पण सांगायला हवं." मी तिला तिथेच तोडलं. आमच्याकडे लहान पोराला सांगून कोणी घर सोडत नाही. निघणाऱ्याच्या पाठीमागे रडणं बरं नव्हे. पोराला कावळा दाखवायचा, शेळी दाखवायची, आणि आईबापाने मागच्या दाराने सटकायचं. लेक लहान असताना मीही शाळेला अशीच जायची. जावयाला हे पटलेलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण माझा आवाज शाळेतला आहे, त्याच्यापुढे त्याची डाळ शिजली नाही. मी नातीला शेजारच्या शेळीकडे नेलं आणि ती दोघं चपला हातात घेऊन परसातून निघून गेली.

नात परत आली. खोलीत बघितलं, मोरीत बघितलं, दारामागे बघितलं. मग माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "उ ए मामाँ?"

आई कुठे आहे. सहा महिन्यांच्या शिकवणीत एवढं स्वच्छ मला कधी काही कळलं नव्हतं. आणि मी काय सांगितलं? आपण सगळे सांगतो तेच. बाजारात गेली, आत्ता येते. अगदी बिनचूक फ्रेंचमध्ये सांगितलं.

पोर रडली नाही. तिने सँडल घातल्या आणि पायरीवर जाऊन बसली, आत्ता येणाऱ्या आईची वाट बघत. तिच्या घरात सांगितलेलं खरंच होत असणार. मी विचारलं, भूक लागली का? मान हलवून नाही. कुठे दुखतं? कुठेच नाही. शू? नाही. माझी सगळी वाक्यं तिला समजत होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. ऊन पायरीवरून सरकून अंगणात गेलं तरी पोर हलली नाही. रडली असती तर मी तिला उचलून घेतलं असतं. न रडणाऱ्या पोराला कसं समजावणार?

हे शेवटी पेपर ठेवून आले. म्हणाले, "खरं सांग की तिला. तेवढं शिकवलं न्हाय का?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. खोटं बोलले हे फ्रेंचमध्ये कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. म्हणून म्हटलं, बाजार नाही. आजी चुकली. मामाँ पुण्याला. मामाँ उद्या येते, "आप्रे मांजे." जेवण झाल्यावर.

तेव्हा ती रडली. पाववाल्याने सायकल थांबवून बघावं इतकं मोठ्याने रडली, पण माझ्या मांडीत रडली. मग डोळे पुसून विचारलं, "आप्रे मांजे?" मी म्हटलं, हो. पहिलीच्या वर्गात करायची तसं हातवाऱ्यांनी करून दाखवलं. आता जेवायचं, मग झोपायचं, मग उठायचं, मग पाव, मग पुन्हा जेवायचं, मग मामाँ. तिने ते मला परत करून दाखवलं, एकही पायरी न गाळता. अशी विद्यार्थिनी मला नोकरीत फार थोड्या वेळा मिळाली.

रात्री ती माझ्या कुशीत शांत झोपली. सकाळी मात्र पाव संपतो न संपतो तोच जेवण मागायला लागली. लवकर जेवलं की आई लवकर येणार, हिशोब साफ होता. अकराला मी पानं घेतली. मऊ भात, वरण, तळलेली सुरमई. आणि तिचे दोन घास झाले असतील नसतील तोच लेकीचा फोन आला. वडखळ नाक्याला गाड्या तुंबल्या होत्या, अजून तासभर तरी लागेल म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कालच एकदा खोटी ठरले होते. आज पुन्हा ठरले तर ही पोर माझ्या शब्दावर परत कधी विश्वास ठेवणार? तिचा भात संपत आला होता. मी चटकन उठून केळं आणलं, सोलून तिच्या ताटलीत ठेवलं. म्हटलं, जेवण संपलं नाही अजून. केळं झाल्यावर कोकम सरबत आणलं. सरबत झाल्यावर खारे दाणे, एकेक सोलून खायचे. यांनी काही न विचारता आणखी भात वाढून घेतला. हा माणूस दोन वाढींच्या वर कधी जेवत नाही. तिघांची बोटं वाळून कडक झाली, तरी आम्ही जेवतच होतो. दाण्यांच्या टरफलांचा ढीग झाला तेव्हा गाडीचा हॉर्न वाजला. नात उठली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्रे मांजे." मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मला पेन्शनच्या दिवशीही झाला नव्हता.

उरलेले दिवस भुर्रकन गेले. परत निघायच्या दिवशी सकाळी गाडीत सामान चढत होतं, आणि मी वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून परसात गेले. सवय, दुसरं काय. लेकीने हाका मारल्या, मी ओ दिली नाही. मग सँडलचा आवाज आला. नातीने माझं बोट धरलं, मला घरातून ओढत पुढच्या पायरीवर नेलं, खांदे दाबून खाली बसवलं. माझ्यासमोर उभी राहून हळूहळू, मला समजेल असं बोलली. "आजी, ज पार." मी जाते. "ज रव्यँ." मी परत येते. मग जरा विचार करून म्हणाली, "आप्रे मांजे."

मी तिच्यासमोर रडले. निघणाऱ्याच्या पाठीमागे नाही, तोंडावर रडले, आणि काही वाईट झालं नाही. तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गाडीत जाऊन बसली.

दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो. भात झाला, ताक झालं. मी हात धुवायला उठले नाही. यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेले, केळी घेऊन आले. एक सोलून माझ्या ताटात ठेवलं, एक स्वतःच्या.

"दाणे पण आणू का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हाय."