काज-बटणवाल्या आत्याची गोधडी

माझी आत्या एकतीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करत होती. कापड मास्तरांनी कापायचं, कारागिरांनी शिवायचं आणि सगळ्यात शेवटी ते आत्याच्या मांडीवर यायचं. एकही कपडा तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवला नव्हता. कात्रीला मास्तरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा तिथला नियम. तिने लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच राहायची. बोलायची इतकं कमी की आई म्हणायची, "ताईंनी तोंडालाही बटण लावून घेतलंय."

मी कॉलेजात होते तेव्हा दुकान बंद झालं. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते, त्यात मास्तरांचे गुडघे गेले. शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना म्हणाले, हवं ते घेऊन जा. कुणी मशीन उचललं, कुणी इस्त्री. आत्याने माळ्यावरची चिंध्यांची दोन पोती मागितली.

पोती दारात पाहून आईचा पारा चढला. "घर आहे की भंगारचं दुकान?"

आत्याने पोती मोरीत ओढत नेली. आठवडाभर ती तुकडे धूत होती, गच्चीत वाळवत होती. गणवेशाचा निळा, बँडवाल्यांच्या कोटाची लाल मखमल, कुणाच्या पडद्यावरची पिवळी फुलं. घरभर ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास. तो वास मला अजूनही कुठे आला की मी क्षणभर थांबते.

मग तिने नवी कात्री आणली आणि एक तुकडा समोर घेऊन नुसती बसून राहिली.

"काप की," मी म्हटलं.

"वाकडं गेलं तर?"

"चिंधीच तर आहे!"

"तुला काय कळतंय," असं म्हणून तिने डोळे बारीक केले आणि कात्री चालवली.

पहिला प्रयत्न साफ फसला. जाड कोटाचं कापड आणि पातळ अस्तर शेजारी शेजारी जोडल्यामुळे सगळं गोळा होऊन बसलं. तिने महिन्याचं काम दोन दुपारींत उसवलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला राहवलं नाही. "ताई, जाड जाड एकीकडे घ्या ना. मखमल मधे, बाकी भोवतीने."

आत्याने सरकून जागा केली. त्यानंतर रोज दुपारी दोघी जमिनीवर बसायच्या आणि एका चौकोनावरून तासतास वाद घालायच्या. मी परीक्षेचा अभ्यास करत ऐकायचे. आमच्या घरात त्या दोघी इतकं कधीच बोलल्या नव्हत्या.

गोधडीला दीड वर्ष लागलं. मधोमध लाल फूल, त्याभोवती निळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी, कडेला पिवळी फुलं. आत्या म्हणाली, "मास्तरांना दाखवून येते." मी सोबत गेले.

मास्तरांनी गोधडी आधी उलटी केली आणि मागचे टाके पाहिले. कडेवरून अंगठा फिरवला.

"कापलं कुणी?"

"मी."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस मग?"

"बोलले होते. दोनदा. मशीनं चालू होती, ऐकू आलं नसेल."

मास्तरांनी गोधडी हळूच सुलट केली. मग एकेका तुकड्यावर बोट ठेवू लागले. हा गणवेश कुठल्या शाळेचा, हा कोट कुणाचा, कुठलं गिऱ्हाईक बाही आखूड झाली म्हणून भांडलं होतं. आत्या मधेच त्यांना दुरुस्त करत होती, आणि दोघं हसत होती. निघताना ते एवढंच म्हणाले, "काठ छान बसलाय."

घरी आल्यावर आईने घाईघाईने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. चहा दिला," आत्या म्हणाली.

तिने गोधडी स्वतःच्या पलंगावर अंथरली. दुपारची कधीच न झोपणारी माझी आत्या त्या दिवशी दिवे लागेपर्यंत गाढ झोपली. आईने रेडिओसुद्धा लावू दिला नाही.