सुखदेवच्या शिळेचा दात

लवंगेच्या वासाला किस्से चिकटतात की किस्स्यांना वास, कोण जाणे! नागपुरात लाटसाहेब बसायचे त्या काळी अमरावतीत आमच्या अमृत डॉक्टरचा दातांचा दवाखाना होता. दुपारी आम्ही मित्रमंडळी तिथल्या बाकावर अर्धवट झोपेत बसायचो. बाकीचे डॉक्टर दात उपटत, फार तर नस मारत. अमृत कीड खरवडायचा, आतली जिवंत नस तशीच ठेवायचा आणि वर लवंगतेल-जस्ताचा लेप भरायचा. म्हणायचा, "जित्या जिवाले कावून मारता, बाप्पा?"

*

अकोल्याचे एक वकील दात काढायला आले. लेप बसला, कळ थांबली आणि वकीलसाहेब बाकावरच घोरू लागले. गाडी गेली, ऊनही गेलं. दचकून उठले. "दात कुठाय?"

"तोंडात!"

"मग मी गाडी चुकवून केलं काय?"

"झोपले ना! किती दिवसांनी?"

वकील विचारात पडले आणि पुन्हा आडवे झाले.

*

अचलपूरकडचा सुखदेव माळी संत्र्याचा बागवान. त्याची शीळ ऐकली की दोन शेतं पलीकडून बैल यायचे. समोरचा दात किडला, वारा लागला तरी कळ, शीळ बंद!

"डॉक्टर, दात गेला तं शीळ गेली, शीळ गेली तं बैल गेले. ते मले नाई वळखत, शिळेले वळखतात!"

अमृतनं लेप भरला. "नस जिती हाये. थंड पाणी लागू देऊ नको."

*

पुढच्या खेपेला सुखदेव आला तो ओठ भेगाळलेला, डोळे खोल.

"काय झालं रे?"

"पानीच तोडलं! संत्र्याले ताण देतो, मंग बहार येते. दाताले बी ताण देऊन राहिलो!"

"अरे, ताण झाडाले देतात, माळ्याले नाई!" अमृतनं कोमट पाण्याचा गडवा त्याच्या तोंडाला लावला. कोरड्या पाटात पाणी शिरल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, शपथ!

*

बहाराच्या दिवसांत तो शेवटचा आला. धोतराला संत्र्याच्या फुलांचा वास. लेप घट्ट बसला होता. आत जीव आहे की गेला, एवढंच पाहायचं होतं. गार लागलं तर नस जिती, म्हणून अमृतनं माठातल्या पाण्यात कापूस भिजवला. आम्ही बाकावरून वाकलो. कापूस दाताला टेकला.

काहीच नाही. सुखदेवचा चेहरा उतरला.

मग एकदम त्याचे डोळे गच्च मिटले, आणि दातांतून लांबलचक शीळ सुटली!

बाहेर घुंगरं वाजली. बैल गाडीसकट दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते, आणि गाडीत टोपली घट्ट धरून बसलेली सुखदेवची बायको ओरडत होती,

"अवो, आत कावून बलावता? माह्या दाताले काई नाई झालं!"