खांबाला सांगून वाचलेली पोथी

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. मूर्तिजापूरकडच्या आमच्या वावरात मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की पलीकडच्या शेतातले बैलही मान वर करीत. पण घरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिसले की तोच आवाज पोटात जाऊन बसे. आमच्याकडे सुनेने सासऱ्याशी बोलायचे नसते. अगदीच अडले तर त्यांच्यादेखत ओसरीच्या खांबाला सांगायचे, “खांबा, ताट वाढलं म्हना.” मग मामाजी त्या खांबाकडे बघत उठायचे. मला या रीतीचा राग यायचा, पण चिडून तरी कोणाला सांगणार? पुन्हा खांबालाच!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. एका उन्हाळ्यात गावोगाव साक्षरतेचे वारे सुटले आणि आमच्या गावाला अमरावतीहून एक मास्तरीणबाई आल्या. दुपारी मारुतीच्या देवळात आम्हा बायकांचा वर्ग भरू लागला. सुरुवातीला आम्ही स्वतःच्या पाटीपेक्षा शेजारणीच्या पाटीकडेच जास्त पाहत होतो.

बाईंची शिकवण्याची रीत वेगळी होती. फळ्यावरचा धडा सगळ्यांनी एका सुरात वाचायचा. बाई मागून फिरत आणि जिच्या खांद्याला हात लावीत तिने गप्प व्हायचे. शेवटी एकटीचाच आवाज उरे, आणि तिला ते कळेपर्यंत अर्धा धडा वाचून झालेला असे. नवऱ्यापुढेही तोंड न उघडणाऱ्या बाया अशा धडाधड वाचू लागल्या. मी तर सगळ्यांच्या पुढे. पण एके दिवशी मामाजी देवळासमोरच्या पारावर येऊन बसले आणि माझी वाचाच बसली.

“अहो, आत्ता तर छान वाचत होतात!” बाई म्हणाल्या.

“तिचे मामाजी बसले ना तिथी,” शेजारीण म्हणाली. “आता नाई निघत तिच्या तोंडून शब्द.”

बाई हसल्या नाहीत. “मग तुम्ही सगळ्या तिच्याबरोबर वाचा,” म्हणाल्या. “येईल तिचा आवाज.”

त्या दिवशी काही तो आला नाही.

श्रावण लागला. दर श्रावणात मामाजी देवळात पोथी वाचत. पोथी त्यांच्या वडिलांची. त्या साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि घरात दुसरे वाचणारे कोणी नव्हते. आमच्या यांना तर काळे अक्षर म्हशीबरोबर. मामाजींनी पोथी फडक्यातून सोडली, डोळ्यांशी नेली, लांब धरून पाहिली आणि पुन्हा फडक्यात बांधली.

“यंदा राहू दे,” एवढेच ते आत्याबाईंना, माझ्या सासूला, म्हणाले.

त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी पदर सावरला आणि खांबापाशी गेले.

“खांबा, पोथी मी वाचीन म्हना.”

आत्याबाईंच्या हातातले सूप थांबले. मामाजी बाहेर निघून गेले. मला वाटले, झाले, आता घरात महाभारत. पण संध्याकाळी पाहते तर खांबाच्या बुडाशी पाट मांडलेला, आणि पाटावर पोथी.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ माणसांनी भरले. मामाजी अगदी समोर, देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. मी पोथी उघडली. अक्षरे सगळी ओळखीची होती, पण आवाज निघेना. मी नुसतीच पानाकडे बघत राहिले. मागे कुणीतरी पुरुष खाकरला.

तेवढ्यात वर्गातल्या बायांनी पाठीमागून पहिल्या ओव्या धरल्या. वर्षानुवर्षे मामाजींच्या तोंडून ऐकून त्या साऱ्यांनाच पाठ होत्या. त्यांच्या आवाजात माझाही आवाज निघाला. पुढच्या ओव्या कुणाला येत नव्हत्या, तशी एकेक जण गळत गेली. मी वाचतच होते. पान उलटताना ध्यानात आले, देवळात माझ्या एकटीचाच आवाज आहे, आणि मामाजी समोर आहेत. मी थांबले.

मामाजी हळूच वळले. पाठीमागच्या खांबावर त्यांनी हात ठेवला.

“खांबा,” ते म्हणाले, “माह्या सुनेले सांग, मले नीट आयकू येऊन राह्यलं. थांबली काहून?”

बाया हसल्या. मला हसूही आले आणि रडूही. पुढची ओवी मी धुऱ्यावरून हाक मारावी तशा आवाजात वाचली.