साहेबांचा वाईट फोटो

लोळणबाई घरात आली, की लोक आधी तिच्या गुडघ्यांकडे बघत. प्रत्येक पँट गुडघ्यांवर विरलेली, प्रत्येक शर्टाला कोपरावर ठिगळ.

"दोन पायांवर उभं राहायला शिकवलं तुला," तिची आई म्हणायची, "आणि तू लोकांच्या फरश्यांवर लोळून पोट भरतेस!"

"लोळते म्हणून तर भरतं!"

आणि ते खरंच होतं. आधी ती पासपोर्ट फोटोच्या दुकानात कामाला होती. हनुवटी खाली, खांदे सरळ, इकडे बघा, झालं! तिथे तिला एक गोष्ट पक्की कळली. "इकडे बघा" म्हटलं, की माणूस कुठेतरी निघून जातो आणि मागे नुसता चेहरा उरतो. आता ती पाळीव जनावरांचे फोटो काढायची, आणि त्यांचंही तेच. लोक उभ्याउभ्या वरून मोबाइल रोखतात, नावाने हाका मारतात, फ्लॅश उडवतात. फोटोत येतं भलंमोठं डोकं, चिमुकले पाय आणि भुतासारखे हिरवे डोळे. ही मात्र सरळ पोटावर आडवी व्हायची, कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि एकच गोष्ट शोधायची: हे आपण होऊन कुणाकडे बघतं? ते सापडलं की फोटो सापडला. आजवर एकदाही चुकलं नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे साहेब. पांढराशुभ्र, झुबकेदार कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला. कुणाचं म्हणून ऐकायचा नाही, म्हणून नाव साहेब. घरात माणसं दोनच, सासरे आणि सून. मुलगा कामासाठी परगावी. सून घरीच पडदे शिवायची, आणि साहेब दिवसभर तिच्या मशीनसमोर पसरलेले. गेल्याच आठवड्यात एका हॉटेलवाल्याने गडद निळे पडदे परत पाठवले होते, अंगभर पांढरे केस! त्याच संध्याकाळी सुनेने जाहीर केलं, साहेबांना दुसरं घर बघायचं.

"जाहिरातीला फोटो हवाय, ताई," सून म्हणाली. "मी काढले मोबाइलवर, पण सगळ्यात ते उशीसारखे दिसतात. उशी कोण नेणार? असा काढा, की बघणारा म्हणेल, हा मलाच हवा."

"निघेल, वहिनी. मी काढलेला फोटो बघून एकाने सरडा पाळलाय."

सून मशीनवर जाऊन बसली. पाणी द्यायच्या निमित्ताने सासऱ्यांनी लोळणबाईला स्वयंपाकघरात गाठलं.

"वाईट काढ," ते कुजबुजले.

"काय?"

"फोटो गं! हललेला, काळाकुट्ट, कसाही. एक फोन येता कामा नये. लोकांना वाटतं मी त्याला फिरायला नेतो. तो नेतो मला. तो गेला तर मी या दाराबाहेर पडायचा नाही."

"मग सांगा ना वहिनींना."

"कुठल्या तोंडाने? तिच्या कष्टांवर पाणी पडलं ते काय खोटं आहे?"

"आजोबा, दुसरं काहीही मागा. वाईट फोटो माझ्याच्याने निघायचा नाही."

"थोडासा?"

"थोडासाही नाही. हात ऐकत नाहीत."

"मग काढ चांगला!" म्हातारा तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला.

लोळणबाई बाहेर आली ती जरा घुश्शातच. चांगलं काम करायचं, आणि वर चोरी केल्यासारखं वाटून घ्यायचं! पण जमिनीवर आडवी झाली, की तिला बाकीचं दिसेनासं व्हायचं. तिने साहेबांच्या मागची बादली हलवली, नाहीतर ती फोटोत डोक्यातून उगवली असती. परत आलेल्या निळ्या पडद्यांचा ढीग तिथे ओढला.

"त्यांना कशाला?" सून करवादली. "त्यांनीच घात केला माझा."

"आज कामाला येतील. पांढऱ्याच्या मागे गडद हवंच."

मग तिने रबरी बदक पिचकवलं. साहेबांनी जांभई दिली. मांजराचा आवाज काढला. साहेबांनी डोळे मिटले.

"मी दिवसभर ओरडते तरी ढिम्म," सून हसली. "तुमच्या बदकाची काय कथा!"

लोळणबाईने बदक पिशवीत टाकलं आणि गप्प पडून राहिली. मशीन खडखडत होतं. साहेब झोपले होते. तेवढ्यात दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि साहेबांनी मान उचलली. पडलेला कानसुद्धा उभा! सुनेने दोरा ओवला, मशीन सुरू झालं, मान खाली.

"वहिनी, हे नेहमी असंच?"

"काय?"

"मशीन थांबलं, की तुमच्याकडे बघतात."

"कुठे? मला नाही दिसलं कधी. मी दोरा ओवू, की यांच्याकडे बघू?"

लोळणबाई सरपटत सुनेच्या पायांशी गेली आणि तिथून कॅमेरा लावला. सुनेच्या पाठीमागे मोठी खिडकी होती, तिचा उजेड थेट साहेबांच्या तोंडावर.

"मी म्हटलं की थांबवा. थांबवा!"

मशीन थांबलं. एकच क्लिक.

तिने लॅपटॉप उघडला. निळ्या अंधारातून साहेबांचं तोंड पुढे आलेलं, एकेक केस वेगळा, दोन्ही कान ताठ. सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीशीच उभे होते, पण मान इकडे वळली होती. लोळणबाईने साहेबांचा डोळा मोठा केला. तपकिरी बुबुळात खिडकीचा चौकोन, आणि चौकोनात मशीनवर वाकलेली एक बाई.

सून स्क्रीनवर वाकली.

"दोरा तोंडात आहे माझ्या," ती म्हणाली. "आणि केसांचा अवतार बघा!" मग आवाज बदलला. "हा नाही चालणार, ताई. हा बघून कोण फोन करेल? कुणीही म्हणेल, हा कुणाचातरी आहे."

"दुसरा काढू?"

सुनेने साहेबांकडे बघितलं. साहेब तिच्याकडेच बघत होते. मशीन बंद होतं ना!

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबा, रोज विंचरायचं यांना. बाहेर, घरात नाही. आणि पडदे कापायच्या वेळी दार बंद."

"दोनदा विंचरेन!" म्हातारा म्हणाला, आणि लगेच चष्मा पुसायला लागला.

दारापर्यंत सोडायला आला, तेव्हा त्याने पुन्हा आवाज खाली आणला. "वाईट काढ म्हटलं होतं तुला."

"काढला की!" लोळणबाईने कोपरावरचे पांढरे केस झटकले. "जाहिरातीला याहून वाईट फोटो मी जन्मात काढलेला नाही."

आत मशीन सुरू झालं, खडखडलं, थांबलं.

"काय बघताय, साहेब?" सुनेचा आवाज आला. "आहे मी इथेच."