बल्ब नको, वायर चालवून दाखवा

आज सकाळी वर्कशॉपमध्ये जुन्या वेल्डिंग मशीनचं इंजिन सुरू केलं. डिझेलचा वास नाकात शिरला आणि ते जिथे घेतलं होतं, त्या ठाण्यातल्या मशीनच्या दुकानात मी मनाने थेट पोहोचलो.

तेव्हा दिवा गावात पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा जोडायचं काम मिळालं होतं. माझं स्वतःचं पहिलं. साइटवर वीज नव्हती. इंजिनवर चालणारं मशीन हवं होतं आणि तेही रॉडऐवजी रिळावरची वायर सलग वितळवत जोडणारं. चुकीचं मशीन घेतलं असतं, तर काम माझ्या जुन्या मालकाकडे गेलं असतं.

दुकानाच्या शेठने माझ्या चपलांकडे पाहिलं. "बस" म्हणाला नाही. एक मशीन सुरू करून त्यावर बल्ब पेटवला.

"बघ, किती कडक करंट!"

"शेठ, मला लग्नाचा मांडव नाही उजळायचा. वायर चालवून दाखवा."

"रॉड मारणारा तू, तुला वायरमधलं काय कळतं रे?"

डोकं फिरलं. वायर सोडणारा माझा फीडर रिक्षातून उतरवला आणि फुटपाथवरच दोन पट्ट्या जोडायला घेतल्या. मशीन ठिणग्या उडवत अडखळलं. ते रॉडसाठीच होतं. मग कोपऱ्यातलं धुळकट मशीन बाहेर काढायला लावलं. त्यावर भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज आला, म्हणजे वायर नीट वितळत होती. तेच घेतलं. मी भावही पाडून घेतला.

खुर्ची मात्र त्याने शेवटपर्यंत दिली नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण पुढे दिवा, कल्याण, डोंबिवली, जिथे साइट असेल तिथे दुपारी इंजिन बंद करून मी याच मशीनवर बसून डबा खाल्ला.