बटरपेपरवरचे चट्टे

फेब्रुवारी १९८६, सोमवार. मूल तालुक्यातलं एक गाव, शेवंताबाईंची ओसरी. हजर: मी (सरकारी फार्मासिस्ट, एम.फार्म.साठी स्टडी लीव्हवर), मेश्रामभाऊ (कुष्ठरोग तंत्रज्ञ) आणि शेवंताबाई. गैरहजर: त्यांचे यजमान देवराव.

देवराव माझ्या यादीत होते. प्रबंधाचा विषय सरळ होता. सरकार गोळ्या पाठवतं. त्या पोटात जातात का, आणि रोगी बरा होतो का? उपचार अर्धवट सोडणाऱ्याला आम्ही ‘डिफॉल्टर’ म्हणायचो. देवरावांच्या कार्डावर तोच शिक्का होता.

शेवंताबाईंनी फॉर्म बाजूला सारला. अंगावरचे चट्टे लोकांच्या नजरेत यायला लागले, तेव्हा पोरीची सोयरीक मोडू नये म्हणून देवराव घर सोडून गेले होते. पत्र नाही, निरोप नाही.

“पोरीचे बाबा गोळ्या खाऊन राह्यले का नाई, तेवढं सांगा मले. बाकी तुमचं तुम्ही लिवा.”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

परतताना मेश्रामभाऊ म्हणाले की यादीतले बरेच जण गोळ्या घेतातच. फक्त गावात कळू नये म्हणून लांबच्या केंद्रावर जातात, नाव बदलून. मग शोधायचं कसं, असं मी विचारलं.

“म्याडम, नाव बदलते, गाव बदलते. चट्टा कुठी जाते?”

कुष्ठरोगाच्या कार्डावर माणसाची पुढून-मागून आकृती छापलेली असते. अंगावर चट्टा असेल तिथे तंत्रज्ञ पेन्सिलीने रंगवतो. मी देवरावांची आकृती बटरपेपरवर उतरवली आणि तीन केंद्रांची कार्डं त्याखाली एकेक करून सरकवत बसले. पाचव्या दिवशी, गडचांदूरकडच्या केंद्रात, ‘रामा, मजूर’ या कार्डावर पाठीचे दोन, कोपराचा एक आणि मांडीचा लांबट, सगळे चट्टे जुळले.

गोळ्यांच्या तारखेला मी तिथे गेले. खरं नाव हळूच घेतलं, तर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग पोरीचं विचारलं. शेवंताबाईंचा गुडघा धानाच्या रोवणीत दुखतो का, तेही विचारलं. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

“तिले आता नका सांगू,” ते म्हणाले. “पोरीचं लग्न होऊ द्या. मंग सांगजा.”

नागपूरच्या गाइडनीही बजावलं की रोग्याची माहिती रोग्याची असते. मी थांबले.

वैशाखात लग्न झालं. शेवंताबाईंच्या गावी जाण्याआधी मी केंद्रावर कार्ड पाहिलं. ‘उपचार पूर्ण.’ शेवटचा डोस घेऊन ते गेले होते. कुठे, ते कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं.

शेवंताबाई धान पाखडत होत्या. गोळ्या चालू होत्या, पूर्ण झाल्या, ते बरे झाले, असं मी क्रमाने सांगितलं. सूप थांबलं.

“पुरे बरे झाले?”

“पूर्ण.”

“मंग घरी काऊन नाई आले?”

माझ्या फॉर्मवर हा प्रश्न नव्हता. आजारी होते तोवर ते महिन्यातून एकदा सापडत होते. बऱ्या झालेल्या माणसाचं रजिस्टर कोणी ठेवत नाही.

निघताना त्यांनी एक निरोप दिला.

प्रबंध मंजूर झाला. ‘औषध सोडले’ आणि ‘गाव सोडले’ हे दोन रकाने वेगळे ठेवा, एवढीच त्यातली कामाची शिफारस. माझ्या वहीतल्या त्या वर्षाच्या सगळ्या कामांवर झाल्याची खूण आहे, एक सोडून: देवरावांना सांगणे, पोरगी सुखात आहे, आता घरी या.